संदर्भासाठी विहीणबाई

मी तेव्हा एकसष्ट वर्षांची अल्लड पोरगी होते. आता पासष्ट सरली, गुडघे आखडले, थोडी अक्कलही आली, म्हणून त्या पोरीचे प्रताप लिहायला बसले आहे. ती समोर आली असती तर मी तिचा कानच धरला असता. पण तो कान माझाच निघतो, आणि हल्ली त्यात यंत्र घातलेलं असतं.

दहावी झाली आणि लग्न झालं, एवढंच माझं शिक्षण. पुढची चाळीसेक वर्षं पोळ्या, कापसाची पऱ्हाटी आणि पोरं यांत गेली. आमचे हे गेल्यावर घरात दुपार फार लांबायला लागली. सून म्हणायची, आई, टीव्ही बघा. टीव्हीतल्या सगळ्या सासवा माझ्यापेक्षा हुशार निघाल्या, तेव्हा मी तो बंद केला, मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा दिली आणि बी.ए.ला नाव घातलं. अभ्यासकेंद्र खामगावला. दर रविवारी वडनेरच्या फाट्यावरून एसटी पकडायची. पाठीला नातीची जुनी बॅग, तिच्यावर गुलाबी ससा. कंडक्टर अर्धं तिकीट फाडता फाडता विचारायचा, "काकू, दवाखाना का?" मी म्हणायची, "कॉलेज." तो तिकिटाकडे बघायचा, सशाकडे बघायचा आणि पुढे जायचा.

बाकी सहा दिवस कॉलेज म्हणजे फोन. पुस्तकं फोनमध्ये, सरांची व्याख्यानं फोनमध्ये, कोणता पेपर कधी हेही फोनमध्येच. हा फोन मुलाने घेऊन दिलेला. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि स्वभाव बियाण्यासारखाच, पारखून घेणारा. फोन त्याने अटीवर दिला होता, आणि ती अट घालायला कारण मीच पुरवलं होतं. फोन आल्याच्या पंधराव्या दिवशी मला मेसेज आला की तुम्हाला फ्रिज लागला आहे. मी बटण दाबलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नवा येणारच आहे म्हणून मी घरातला जुना फ्रिज शेजारणीला देऊन टाकला. तो परत मागायला मुलाला जावं लागलं. तोवर तिने त्यात दही लावलं होतं.

"आई," फ्रिज घरात ठेवल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "आता अजून एक जरी भानगड झाली ना, तर फोन कपाटात अन् किल्ली माह्या खिशात. मंग तुहं बी.ए. गेलं तरी चालन मले."

त्याला चालणार होतं. मला चालणार नव्हतं. दोन वर्षं पास झाले होते, एकच राहिलं होतं. फोन कपाटात गेला असता तर बी.ए. पण त्याच्यासोबत कपाटात, नॅप्थॅलिनच्या गोळ्यांमध्ये.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेची फी मुलाने मोजून हातात दिली. रविवारी ती भरायची होती. रविवारी काय झालं ते आता लिहायला हवं.

वर्गात सगळे विशी-बाविशीतले. ते मला आजी म्हणत. बरोबरच होतं, पण त्या एकसष्ट वर्षांच्या पोरीला ते टोचायचं. एकमेकांना ते 'यार' म्हणायचे. तिला वाटायचं, आपल्यालाही एकदा कोणी यार म्हणावं. त्या दिवशी तास सुटल्यावर पावभाजी खायला जायचं की नाही यावर पोट्ट्यांची कुजबुज चालली होती, कोणाच्याच खिशात काही नव्हतं. मी उठून उभी राहिले. बाकावर हात आपटला. आणि म्हणाले, "चला बे सगळे! आज माह्याकडून!"

सगळे म्हणजे सव्वीस निघाले. वर्गात एरवी कधी अकराच्या वर नसायचे. पंधरा जण नुसत्या वासावर आले. जादा बटर, जादा पाव, वरून कुल्फी. बिल आलं तेव्हा मी पर्समध्ये असा हात घातला की जणू माझ्या कापसाच्या तीन जिनिंग गिरण्या आहेत. एक पोट्टी कुल्फी चाटत म्हणाली, "आजी, तुम्ही लय भारी आहात यार."

यार मिळाला. फी गेली.

घरी येताना एसटीत हिशेब केला, तर बोटं संपली तरी कुल्फ्या संपेनात. फी भरायची शेवटची तारीख आठ दिवसांवर. मुलाला काय सांगणार? पोट्ट्यांमध्ये मिरवायला पैसे उडवले? तोंड नव्हतं सांगायला. त्याच आठवड्यात समाजशास्त्राचं व्याख्यान ऐकता ऐकता मध्येच एक जाहिरात आली. एक छान मुलगी हसून म्हणाली, "विद्यार्थी आहात? पैशांची चणचण आहे? कागदपत्रं नकोत, पाच मिनिटांत कर्ज."

विद्यार्थी! एवढ्या आदराने मला आजवर कोणी विद्यार्थी म्हटलं नव्हतं. सर पण हजेरी घेताना "त्या मागच्या ताई" म्हणायचे. मी तिथेच विरघळले.

फॉर्म भरायला पाच मिनिटं नाही, दीड तास लागला. जन्मसाल निवडायला बोटाने वर्षं खाली ओढावी लागायची. ओढत गेले, ओढत गेले. दोन हजार गेलं, नव्वद गेलं, ऐंशी गेलं. बोट दुखलं म्हणून चहा करून प्याले आणि पुन्हा ओढायला बसले. मग त्याने परवानग्या मागितल्या. फोनमधले नंबर पाहू का? फोटो पाहू का? कोणी दारात उभं राहून इतकं अदबीने विचारतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? हो, हो, हो.

शेवटी एक रकाना आला: संदर्भासाठी एका नातेवाइकाचा नंबर.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? लांबचा एखादा मुका मामा शोधला असता. पण आमच्या घरात पत्रिका असो, आंब्याची पाटी असो की दिवाळीचा फराळ, पहिलं नाव कोणाचं? विहिणीचं. लेक दिली तिथल्या सासूचा मान पहिला. तो चुकला की लेकीला वर्षभर ऐकावं लागतं. माझी विहीण साखरखेर्ड्याची. मी विचार केला, उद्या तिला कळलं की असा मानाचा रकाना होता आणि त्यात मी दुसऱ्याच कोणाचं नाव घातलं, तर? म्हणून मी मोठ्या भक्तिभावाने विहीणबाईंचा नंबर लिहिला. वाटलं, कधी नव्हे तो आपल्याकडून मानपान नीट झाला.

पाच हजार मागितले, हातात तीन हजार दोनशे पडले. बाकीचे कशात गेले ते वाचायला चष्म्याची ताकद पुरली नाही. घरखर्चातले चार पैसे घातले आणि फी भरली. आठव्या दिवशी फोन आला.

"पैसे कधी भरतेस?"

"कोण बोलता आपण?"

"तेरा बाप बोलतो. सात हजार झाले. आज संध्याकाळपर्यंत पाहिजेत. समझी क्या बुढिया?"

मला सात हजारांपेक्षा बुढिया जास्त लागलं. "हे पहा," मी म्हणाले, "कर्ज देताना विद्यार्थी म्हणे, अन् आता बुढिया? एक काय ते ठरवा."

यावर तो जे बोलला ते माझ्या नातीला वाचायचं आहे म्हणून इथे लिहीत नाही.

त्या दिवसापासून तो रोज बोलायचा. दिवसातून दहा-अकरा वेळा. मी घाबरून भिशीचे तीन हजार त्याला पाठवले, तर म्हणाला, हे फक्त मुदत वाढवायचे झाले, सात हजार तसेच आहेत. असलं गणित मी चाळीस वर्षं दुकानदार बघूनही पाहिलं नव्हतं. घरात कोणाला कळू नये म्हणून त्याचा नंबर मी 'कॉलेजचे सर' या नावाने ठेवला आणि फोन तांदळाच्या डब्यात लपवायला लागले. तांदूळ वाजायचे. मी डबा उचलून धावत परसात जायची.

सून भाकरी थापता थापता म्हणाली, "कॉलेजचे सर लय तळमळीचे दिसून राह्यले, आई. आमच्या वक्ताले असे नव्हते."

"परीक्षा जवळ आली न बाई."

"हाव. पण तुम्ही त्यायले 'मेल्या' काऊन म्हणता?"

मी म्हटलं, लाडाने. सुनेने भाकरी उलटली आणि पुढे काही विचारलं नाही. ती शहाणी आहे. आमच्या घरात शहाणपण बाहेरून आणावं लागतं.

दोन आठवड्यांनी त्याने धमकीचा सूर बदलला. "तुझ्या फोनमधले सगळे नंबर आहेत माझ्याकडे. आधी संदर्भवाली को लगाता. फिर सगळ्या गावाला. यहाँ एक नंबर 'मुलगा' लिखा है. उसको सोमवारी लावतो."

मुलाला फोन गेला की कपाट, किल्ली, गोळ्या. आणि त्याच्या आधी विहीण! दोन्हींपैकी जास्त भीती कशाची वाटली हे खरं सांगू? विहिणीची. मुलाने फोन घेतला असता; विहिणीने माझं नाव घेतलं असतं, तेही साखरखेर्ड्याच्या बाजारात, हळद घेता घेता.

इथे मागचं एक सांगायला हवं. लेकीच्या लग्नात मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे कोवळीच. आमच्याकडे मुलीच्या आईने मुलाच्या आईचे पाय धुवायचे असतात. पाटावर विहीण, परातीत पाय, तांब्यात कोमट पाणी. त्या दिवशी मुलाकडच्या चार-पाच बायका ओळीने पाटांवर बसल्या होत्या. आणि मी, फोटोत म्हातारी दिसेन म्हणून, चष्मा काढून ठेवला होता. मधल्या पाटावर जी भारदस्त, जरीच्या साडीतली आकृती दिसली, तिच्यासमोर बसले, पाय धुतले, कुंकू लावलं, पदराने पुसले. ती विहिणीची धाकटी जाऊ होती. ती बाई एक शब्द बोलली नाही. एक पाय झाला तसा दुसरा पुढे केला.

विहीणबाईंचे पाय मग धुतले, पण दुसऱ्या नंबरावर आणि तोवर पाणी गार झालेलं. लग्नाच्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. नंतर नऊ वर्षं मात्र दुसरं काही बोलल्या नाहीत.

तर वसुलीवाल्याने शुक्रवारी त्यांना फोन लावला. तिकडे काय झालं ते मला शनिवारी त्याच्याच तोंडून कळलं. तांदूळ वाजले, मी परसात धावले, कानाला लावला, तर आवाज वेगळाच. थकलेला.

"आजी," तो म्हणाला. पहिल्यांदाच आजी म्हणाला. "वो आपकी विहीण है ना, तिला बोला मला फोन करू नको."

"तुम्हीच तर लावला होता."

"एक बार लगाया! बोललो, तुमची नातेवाईक चोर आहे, पैसे खाऊन बसली. तर ती बोलली, चोर आहेच, तुला आता कळलं का? मग पंचावन्न मिनिट बोलली. मी ठेवला. तिने परत लावला. आज सकाळपासून चार वेळा. मेरे को दुसरे कस्टमर हैं ना!"

"काय बोलतात?"

"सगळं. साडी पातळ होती. भातात खडा होता. बँडवाला उशिरा आला. और वो पाँव धोनेका मॅटर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आजी, एक बात बोलू? त्यात गलती आपकीच आहे."

मी उभ्या उभ्या जास्वंदीच्या झाडाला धरलं. नऊ वर्षांत विहीणबाईंना मन मोकळं करायला माणूस मिळाला नव्हता. घरात सगळ्यांना ते पाठ होतं, शेजारीपाजारी उठून जायचे. आणि आता एक माणूस स्वतः होऊन फोन करून म्हणाला होता की तुमची विहीण वाईट आहे.

"सांगते मी त्यांना," मी म्हणाले.

"सांगा. पण सोमवार तो सोमवार. पैसा नाही आला तर 'मुलगा'."

सांगायला मला जावं लागलंच नाही. परीक्षा जवळ म्हणून त्या रविवारी तास नव्हता, आणि सकाळी विहीणबाई स्वतःच आल्या. मेहकरवरून एसटी बदलत बदलत, हातात पिशवी, कपाळाला ठसठशीत कुंकू. मुलाने धावत जाऊन पिशवी घेतली. बहिणीची सासू दारात आली की आमचा हा पारखी माणूस एकदम कापसाचा होतो.

"मावशी, अचानक? फोन करायचा ना, घ्यायले आलो असतो."

"फोन लई झाले," विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "म्हटलं, समक्षच भेटावं."

ओसरीवर खुर्चीत बसल्या, चहा घेतला, मुलाच्या दुकानाची चौकशी केली, पाऊसपाणी विचारलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझ्याकडे बघून गोड हसत होत्या. ते हसू बघून मला वसुलीवाल्याच्या शिव्या आठवल्या आणि त्या बऱ्या वाटल्या.

मुलगा आत गेला तशा त्या वाकल्या. "विहीणबाई, माझं नाव दिलं तुम्ही त्या मेल्याला."

"मानाचा रकाना होता हो. तुमच्याशिवाय कोणाले द्यायचा?"

त्यांनी यावर विचार केला. खोटं नाही सांगत, चेहरा जरा खुलला. "पहिलं नाव माझंच घातलं?"

"एकच होतं. तेच तुमचं."

"बरं केलं." पदर सावरला. "मंग आता असं बघा. तुमच्या लेकाला मी काही सांगणार नाही. पण माझे पाय धुवायचे. पहिल्यापासून. कोमट पाण्यानं. चार माणसांसमोर. आणि माझ्या धाकट्या जावेनं ते बघायचं."

"ती तर साखरखेर्ड्याले आहे!"

"व्हिडिओवर," विहीणबाई म्हणाल्या. मला वाटलं होतं फोनचं मलाच कळतं.

आता घरच्यांना काय सांगायचं? मंगळागौर नाही, सण नाही, लग्न नाही, आणि रविवारी अकरा वाजता विहिणीचे पाय धुवायचे. मी आत गेले आणि म्हणाले की अभ्यासक्रमात आहे. लोकसंस्कृतीचं प्रात्यक्षिक. वीस गुण.

मुलगा भारावून गेला. "मावशी एवढ्यासाठी साखरखेर्ड्यावरून आल्या?"

"हो रे बाबा, शिक्षणासाठी माणसानं काय करू नये," विहीणबाई म्हणाल्या.

सून चुलीकडे वळली. तिने पाणी तापवायला ठेवलं.

पाट मांडला. पितळी परात काढली. शेजारणीला बोलावलं, फ्रिजवालीलाच, म्हणजे पडद्यावरची जाऊ धरून माणसं चार झाली. मी चष्मा घातला. मुलाच्या हातात माझा फोन दिला आणि विहिणीने सांगितलेला नंबर लावून दिला. पडद्यावर धाकट्या जाऊबाई आल्या, अर्धवट विंचरलेले केस, तोंडात निंबाची काडी असावी.

"काय झालं? कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कोणी गेलं नाही," विहीणबाई परातीत पाय ठेवत म्हणाल्या. "तू नुसती बघ."

मी उजव्या पायावर पाणी घातलं. कोमट होतं, सुनेने बोट घालून बघितलं होतं. विहीणबाईंनी डोळे मिटले. नऊ वर्षांचा तो सल त्यांच्या कपाळावरून उतरताना दिसत होता. मलाही, देवाशप्पथ, जरा भरून आलं. त्याच वेळी मुलगा म्हणाला, "एक मिनिट हं, आई, तुह्या सरांचा फोन येऊन राह्यला."

मी ओली बोटं वर केली. "ठेव! ठेव तो!"

"असं कसं, सर आहेत," म्हणत त्याने व्हिडिओ थांबवला, फोन उचलला आणि हाताला सुटसुटीत पडावं म्हणून स्पीकरवर टाकला. "नमस्कार सर! आई जरा प्रात्यक्षिकात आहे. बोला."

"तू कोण बे?"

"मी मुलगा, सर."

"अच्छा! 'मुलगा'! तुलाच उद्या लावणार होतो. तेरी माँ सात हजार खाके बैठी है. रस्त्यावर आणीन तुम्हाला सगळ्यांना. फोटो लावीन गावात—"

ओसरी गार झाली. परातीतलं पाणी तेवढं कोमट. मुलगा फोनकडे बघत होता, सून माझ्याकडे, शेजारीण सगळ्यांकडे. तेवढ्यात विहीणबाईंनी डोळे उघडले आणि फोनच्या दिशेने आनंदाने ओरडल्या, "कोण, भाऊ का तुम्ही? अहो, धुवायलेत बरं का पाय! धुवायलेत शेवटी!"

पलीकडचा सूरच बदलला.

"सच में?" तो म्हणाला.

"आत्ता धुवायलेत. जावेनं बघितलं."

"पाणी गरम है क्या?"

"कोमट."

"बहुत अच्छा," तो म्हणाला. खरं वाटून म्हणाला, मी ऐकलं. मग त्याला आपलं काम आठवलं असावं. "पर पैसा तो लगेगा," म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढची पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मी परातीपाशी बसूनच सगळं सांगितलं. पावभाजी, कुल्फी, छान मुलगी, तीन हजार दोनशे. सव्वीस आकडा आल्यावर मुलाने कपाळाला हात लावला. सातशे गुन्हे कबूल करणं सोपं, पण आपण यार म्हणवून घेण्यासाठी पावभाजी चारली हे पोटच्या पोराला सांगणं अवघड.

"मले मागितले असते तर नसते देले का, आई?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. मग त्याने फोनची बाजूची कळ दाबून तो बंद केला. "बस झालं. फ्रिज झाला, आता हे. फोन कपाटात. आता परीक्षा नाही अन् काही नाही. तुह्या वयाले हे झेपत नाही."

मी ओली बोटं पदराला पुसली. त्याचं बरोबर होतं. परीक्षेला एकोणीस दिवस राहिले होते. तो आतल्या खोलीकडे वळला.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांचा एक पाय धुतलेला होता, एक कोरडा. दोन्ही परातीत.

"माझा डावा राहिला. मान अर्धा सोडून यजमान उठत नसतो."

"धुवेल ना आई, मावशी. मी फक्त फोन ठेवून येतो."

"फोन कपाटात गेला तर मी पाय काढत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रुसले," विहीणबाईंनी शांतपणे सांगितलं आणि हाताची घडी घातली. "लग्नात रुसायचं राहून गेलं होतं. आता रुसते."

आता हे शहरातल्या माणसाला कळणार नाही. विहीण रुसली की तिची समजूत काढावीच लागते. मागेल ते द्यावं लागतं. सोन्याची नथ मागितलेल्या विहिणी आम्ही पाहिल्या आहेत. मुलगा तिच्या घरी दिलेल्या बहिणीचा भाऊ. तो काय करणार? आधी हसला, मग विनवलं, मग सुनेला पुढे केलं. सून म्हणाली, "रुसल्या तर रुसल्या, पण पाणी गार होऊन राह्यलं," आणि आतून आणखी एक तांब्या कोमट पाणी आणून परातीत ओतलं. कोणाच्या बाजूने आहे ते तिने तेवढ्यावरच सांगून टाकलं. मुलाला दुकान उघडायचं होतं. बारा वाजले. पाऊण वाजला. शेजारणीने घरून मुरमुरे आणले आणि सगळ्यांनी खाल्ले, विहीणबाईंनी परातीत पाय ठेवून.

"मावशी, पाय भिजून पांढरे पडतील."

"पडू द्या."

"तुम्हाला काय पाहिजे ते तरी सांगा."

"फोन तिच्याकडं राहील आणि परीक्षेला ती बसेल. झालं. अहो, माझ्या सुनेची आई बी.ए. झाली असं मला सांगायचंय बाजारात. नऊ वर्षं निव्वळ तक्रारच सांगायले मी. दुसरं काही सांगायला द्या मला."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं ही बाई आपली बदनामी करते म्हणून मी दरवेळी तिच्या घरी जेवायला थांबणं टाळलं होतं, आणि तिला फक्त सांगायला काहीतरी हवं होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी मुलाने फोन माझ्यासमोर पाटावर ठेवला. "बसन परीक्षेले," तो म्हणाला. "शब्द देला, मावशी. पण आई, हे असं पुन्हा झालं न—"

"पुन्हा पावभाजी नाही," मी म्हणाले.

मग फोन सुरू करून जावेला पुन्हा व्हिडिओ लावला आणि मी विहीणबाईंचा डावा पाय धुतला. दोन्ही पाय भिजून मनुकांसारखे सुरकुतले होते. पुसले, कुंकू लावलं, उठले तेव्हा गुडघा कडकन वाजला आणि पडद्यावर परत आलेल्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "अजून चाललंच आहे का?"

सोमवारी मुलगा मला मोटरसायकलवर बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, तक्रार लिहिली आणि म्हणाले, आता एक रुपयाही पाठवू नका, अशा फोनला घाबरायचं नाही, आधीच यायला हवं होतं. परत येताना मुलगा नांदुऱ्यात थांबला आणि त्याने मला उसाचा रस पाजला. दोन्ही ग्लासचे पैसे त्याने स्वतः दिले, माझी पर्स उघडू दिली नाही. त्या माणसाचे फोन आणखी तीन-चार दिवस आले आणि मग बंद झाले. विहीणबाईंनी त्याला दोनदा लावून पाहिला. नंबर अस्तित्वात नाही असं ऐकून त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, ऐकून घ्यायचा बिचारा.

त्या मात्र साखरखेर्ड्याला लगेच गेल्या नाहीत. अठरा दिवस राहिल्या. सकाळी पाचला उठवायच्या, चहा समोर ठेवायच्या, पुस्तक उघडून विचारायच्या, "हं, ग्रामपंचायतीची कामं सांगा." चुकले की "मला नव्हतं ना माहीत, पण तुम्हाला असायला पाहिजे," म्हणायच्या. वसुलीवाला परवडला असं मी सुनेजवळ दोनदा बोलून दाखवलं.

परीक्षेच्या दिवशी मुलगा दुकान बंद ठेवून खामगावला सोडायला आला. फाटकात शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." मी मुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "पालक हे. मी आत जाते." मुलगा खरंच बाहेर निंबाखाली थांबला. पाण्याची बाटली धरून, चप्पल काढून, अगदी पालकासारखा.

पेपर तीन तासांचा होता. ग्रामपंचायतीची कामं आली होती. मी दोन तास पन्नास मिनिटं लिहिलं. हात दुखत होता, शाई बोटांना लागली होती, शेजारच्या बाकावरची कुल्फीवाली पोट्टी पेपर देऊन निघूनही गेली होती. मला उत्तरं तपासून बघायला वेळ होता, पण मी तपासली नाहीत. उरलेली दहा मिनिटं मी नुसती बाकावर बसून राहिले, कारण उठावंसं वाटत नव्हतं.